पंपाच्या केसिंगचं कॅड मॉडेल मेशमध्ये नीट जाईना

उद्यमबाग_पॅटर्न

मंडळी नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे साचे करतात तिथे) कामाला आहे. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून पॅटर्न आणि कोअर बॉक्सचं कॅड करायचं, राउटर मशीनला प्रोग्राम द्यायचा, एवढं माझं काम. सीएफडी, म्हणजे पाण्याच्या प्रवाहाचा कॉम्प्युटरवरचा हिशेब, मी रात्री जेवण झाल्यावर घरच्या लॅपटॉपवर शिकतोय. डिप्लोमाला असताना त्यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

झालंय असं. आमच्याकडून पॅटर्न नेऊन मोनोब्लॉक पंप करणारे एक मालक आहेत. पंप ५ एचपी, २८८० आरपीएम, इम्पेलर १५० मिमी, सक्शन ८०, डिलिव्हरी ६५. त्यांचा एक पंप हुक्केरी भागात उसाला बसवलाय. तिथल्या शेतकऱ्याचं एकच म्हणणं, "नीरु बरवल्दु", म्हणजे पाणी येत नाही. पाणी येतंच नाही असं नाही, पण वरच्या वाफ्याला पोचायला हवं तेवढं पोचत नाही. मालक म्हणाले, तू कॉम्प्युटरवर काहीतरी करतोस की, बघ जरा केसिंगमध्ये काय घोळ आहे. मी होय म्हणून बसलो.

केसिंगची, म्हणजे इम्पेलरभोवतीच्या लोखंडी कवचाची, स्टेप ही कॅड फाइल होती. ती फ्रीकॅडमध्ये उघडली, एसटीएल काढली आणि ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरच्या स्नॅपीहेक्समेशला दिली. ते पाण्याच्या जागेचे बारीक सेल पाडतं, तीच मेश.

पहिल्या रात्री ०.४ मीटरचा चौकोनी डबा ब्लॉकमेशने केला, त्यात एसटीएल टाकली. सकाळी बघतो तर डबा जसाच्या तसा, केसिंगचा पत्ताच नाही. दुसऱ्या रात्री आकडे बघितले तर एसटीएल ३२० लांब दाखवत होती, म्हणून डबाच ४०० चा केला. आता केसिंग दिसलं, पण पाणी आत पण भरलं आणि बाहेर पण. लोखंड सोडून सगळीकडे मेश. ५२ लाख सेल झाले आणि ८ जीबीचा लॅपटॉप पंख्यासकट ओरडायला लागला. तिसऱ्या रात्री सक्शन आणि डिलिव्हरीच्या तोंडावर चकत्या बसवल्या, तरी पाणी बाहेर येतंच आहे. कुठून येतंय ते सापडेना.

चौथी रात्र आज. कुठं चुकतंय सांगा.

---

निपाणीकर_पुण्यात

भावा, तुझा पंप ३२० मीटर लांब झालाय. हिडकल धरणाच्या भिंतीच्या उंचीहून मोठा. त्यात उसाला पाणी नाही, अख्खा हुक्केरी तालुका बुडेल.

एसटीएलमध्ये एकक नसतं. त्या फाइलमध्ये नुसते त्रिकोण असतात: प्रत्येकाचे तीन बिंदू आणि तोंड कुठल्या बाजूला ते सांगणारा एक बाण. स्टेपमध्ये मिमी की मीटर हे लिहिलेलं असतं, एसटीएल काढली की ती माहिती गळून पडते. कॅडने ३२० मिमीच्या जागी ३२० लिहिलं, ओपनफोमने ते ३२० मीटर समजून घेतलं. पहिल्या रात्री तुझा ०.४ चा डबा त्या अवाढव्य केसिंगच्या पोटात कुठेतरी हवेत तरंगत होता. कुठल्याच भिंतीला शिवला नाही, म्हणून जसाच्या तसा राहिला. स्नॅपीच्या डिक्शनरीत त्या एसटीएलखाली स्केल ०.००१ असं लिही, नाहीतर सरफेसट्रान्सफॉर्मपॉइंट्सने फाइलच लहान करून घे. दोन्ही एकदम करू नकोस. हसू नका, मी केलंय.

याच एककावरून माझीही एकदा पार गेली होती. आधीच्या नोकरीत एका व्हॉल्व्हचं रन मिमीचे मीटर धरून दोन दिवस चालवलं. दाबाचे आकडे बघून साहेब खूश. वेग तोच दिला होता ना, आणि दाब वेगाच्या वर्गावर जातो, त्यामुळे मापं हजारपट झाली तरी दाबातली घट जवळजवळ खरी वाटेल अशीच येते. डिस्चार्ज मात्र दहा लाखपट. तो कुणी बघितलाच नव्हता. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर एका ट्रेनीने पकडलं.

आता गळतीचं. सरफेसचेक चालव. ते दोन गोष्टी सांगतं: मॉडेलची एकूण मापं (०.३२ दिसली पाहिजेत) आणि कातडं बंद आहे की नाही. बंद नसेल तर "सरफेस इज नॉट क्लोज्ड" असं सरळ छापतं. तू तोंडं बंद केलीस, पण शाफ्ट जातो ते भोक? ग्लँडची जागा? प्रायमिंगचा प्लग, खालचा ड्रेन? पाण्याला एक वाट पुरते. एक मात्र आहे, स्नॅपीला केसाएवढी फट चालते. फट सेलपेक्षा मोठी झाली की पाणी निसटतं.

आणि लोकेशनइनमेशचा बिंदू (मेश कुठल्या बाजूला ठेवायची ते सांगणारा) पाण्यात टाक, लोखंडात नको. तो बरोबर सेलच्या सीमेवर पडला तरी गोंधळ होतो, म्हणून ०.०५ असा गोल आकडा न देता ०.०५१३ असं काहीतरी वाकडं दे.

पॅचेसची, म्हणजे मेशच्या सीमेच्या भागांची, नावं हवी असतील तर सक्शनची चकती, डिलिव्हरीची चकती आणि भिंत यांच्या तीन वेगळ्या एसटीएल काढ, मजकुराच्या रूपातल्या, बायनरी नको. नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या ओळीत प्रत्येकीला नाव दे आणि तिन्ही एकाखाली एक चिकटवून एकच फाइल कर. तिन्ही एकाच सेटिंगने काढ, नाहीतर कडेचे बिंदू जुळत नाहीत आणि परत फट.

---

एमटेक_तिलकवाडी

निपाणीकरांचं बरोबर आहे, पण माझं मत थोडं वेगळं. एसटीएलवर इतक्या लवकर उतरूच नये. स्टेप थेट जीमेश किंवा सालोमे या मेश करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. दोन्ही ओपनकॅसकेड या कॅड इंजिनावर चालतात, फ्रीकॅडही त्यावरच, त्यामुळे वक्र पृष्ठभाग वक्रच राहतो. एसटीएल म्हणजे गोल भाकरीचे कात्रीने कापलेले तुकडे, एकदा कापले की परत गोल होत नाहीत.

स्टेपसुद्धा देव नाही म्हणा. कॅडमधलं सॉलिड म्हणजे खरं तर पृष्ठभागांची एक गोधडी असते, शिवणीने जोडलेली. शिवण किती सैल चालते हे प्रत्येक कॅडचं आपापलं असतं. सॉलिडवर्क्स आणि एनएक्स ही दोन्ही कॅड पॅरासॉलिड या एकाच इंजिनावर चालतात, म्हणून त्यांची आपसात देवाणघेवाण सहसा सुखाची होते. कॅटियाचं इंजिन वेगळं, फ्रीकॅडचं वेगळं. एकाच्या हिशेबात बंद असलेली शिवण दुसऱ्याला उसवलेली दिसते. तुम्हाला कुणी आयजेस ही जुनी कॅड फाइल देत असेल तर हात जोडून स्टेप मागा. आयजेसची शेवटची आवृत्ती ५.३, १९९६ सालची, आणि त्यातून बऱ्याचदा नुसते सुटे पृष्ठभागच येतात. शिवायचं काम तुमच्या गळ्यात.

बाकी, मेशच्या आधी मॉडेल साफ करा. बोल्टची भोकं, पाय, नेमप्लेटची अक्षरं, बाहेरचे फिलेट, सगळं काढून टाका. पाण्याला ते दिसत नाही. अर्धा मिलिमीटरचा एक फिलेट राहिला तरी मेशर त्याच्या कोपऱ्यात हजारो सेल कोंबत बसतो.

---

निपाणीकर_पुण्यात

भाकरीचं मान्य. पण तुकडे पुरेसे बारीक केले तर पाण्याला कळत नाही की. सालोमेत टेट्रा मेश करून भिंतीला लेयर चढवताना मी जेवढा घाम गाळलाय तेवढा स्नॅपीत नाही. ज्याला जे जमतं ते.

---

मच्छेचे_काका

मला तुमचं हे जीमेश-फिमेश कळत नाही. चाळीस वर्षं लाकडात आणि वाळूत गेली. पोराचा प्रश्न मुलाने वाचून दाखवला, म्हणून लिहितोय. टाईप तोच करतोय.

पोरा, तुला पाण्याचा आकार पाहिजे ना? मग केसिंग घेऊन कशाला बसलास? तू पॅटर्न शॉपमध्ये आहेस. केसिंगच्या पोटात वाळूचा कोअर बसतो. लोखंड ओतलं, कोअर फोडून झाडून टाकला, की राहिली ती पोकळी, आणि त्याच पोकळीत पाणी फिरतं. कोअर म्हणजेच पाणी. त्याचं कॅड तूच केलेलं असणार की. ग्राहकाने बाहेरून दिलेल्या फाइलमधून पाणी उपसत बसण्यापेक्षा आपल्या कपाटातलं काढ.

वर तुझ्या ड्रॉइंगमध्ये ड्राफ्ट नसतो, कोअरमध्ये असतो. बॉक्समधून कोअर सुटायला आपण जी उतरण देतो ती केसिंगमध्ये पण येतेच. म्हणजे कोअर हा ड्रॉइंगपेक्षा खरा.

तीन गोष्टी विसरू नको. कोअर प्रिंट काप, ते कोअर बसवायचे कान आहेत, तिथे पाणी नाही. कॉन्ट्रॅक्शन काढ, म्हणजे लोखंड थंड होताना आक्रसतं म्हणून वाढवलेलं माप, कास्ट आयर्नला आपण मीटरला दहा मिमी धरतो. आणि जिथे मशीनिंगला माल सोडलाय तिथे कोअर लहान आहे, ते भर.

आणि आधी एक नग मधोमध कापून बघ. ते कुणी सांगितलं नाही का?

---

उद्यमबाग_पॅटर्न

काका, तुमच्या पाया पडतो. चार रात्री मी लोखंडातून पाणी वेगळं करत बसलो होतो आणि ते पाणी माझ्याच हार्डडिस्कवर "कोअर_फायनल_३" नावाने पडून होतं. दुसऱ्या दिवशी रॅकवरचा एक कोअर टेबलावर घेतला. रोज शंभर वेळा हातात येतो. उलटा केला, गोगलगायीसारखा गुंडाळलेला, एका टोकाला डिलिव्हरीचं नळकांडं. हेच पाणी. एवढं कसं डोक्यात आलं नाही कोण जाणे.

मग काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर.

प्रिंट कापले. मशीनिंगच्या जागा भरल्या: सक्शनच्या फ्लँजवर आम्ही ३ मिमी सोडतो, वेअर रिंग बसते तिथला बोअर पण अंडरसाइज असतो. कॉन्ट्रॅक्शन मात्र पहिल्यांदा विसरलोच. लक्षात आलं ते सरफेसचेकच्या आकड्यावरून. ०.३२० यायला पाहिजे होतं, आलं ०.३२३२. निपाणीकर भाऊ, तुम्ही मापं बघ म्हटला नसता तर तसंच गेलं असतं. लांबीला एक टक्का म्हणजे आडव्या छेदाला दोन टक्के, घशाजवळ ते मला परवडणारं नव्हतं.

कातडं पहिल्याच फटक्यात बंद निघालं. शाफ्टचं भोक, प्लग, ड्रेन, बोल्ट, पाय यातलं काही कोअरमध्ये नसतंच, त्यामुळे साफसफाईचं कामच उरलं नाही. तिलकवाडीच्या सरांना सांगतो, फिलेट काढायला एकच सापडला.

तरी एका ठिकाणी अडकलो. केसिंगची जीभ, जिथे व्होल्यूट (गोगलगायीसारखा भाग) डिलिव्हरीपासून वेगळं होतं ते टोक. त्याची त्रिज्या २ मिमी आहे. मेशमध्ये ते गोल न दिसता कुऱ्हाडीच्या पात्यासारखं दिसत होतं. आधी स्नॅपीला शिव्या दिल्या, रिफाइनमेंट वाढवली, तरी पातं ते पातंच. शेवटी एसटीएलच उघडून वायरफ्रेममध्ये बघितली. कॅडमधून काढताना विचलन (सरळ तुकडा खऱ्या वक्रापासून किती दूर चालेल ते) ०.५ मिमी ठेवलं होतं. अख्खा अर्धगोल तीन सरळ तुकड्यांत उरकला होता. ०.०२ वर नेलं तेव्हा साधारण अकरा तुकडे पडले आणि टोक टोकासारखं दिसलं. भाकरी बारीक कापायला पाहिजे होती, सर बरोबर होते. पण अख्ख्या मॉडेलला ०.०२ दिलं तर फाइल उगाच फुगते, म्हणून जिभेजवळचा भाग वेगळा तोडून तेवढ्यालाच बारीक दिलं, बाकीच्याला ०.१. जिथे दोन्ही भाग जुळतात तिथे कडेचे बिंदू जुळले नाहीत हे खरं, पण फट सेलच्या तुलनेत नगण्य होती, पाणी आतच राहिलं.

मूळ सेल ८ मिमी, भिंतीला लेव्हल ३ म्हणजे १ मिमी, जिभेला लेव्हल ४. इम्पेलर आणि जीभ यांच्यात ६ मिमी जागा आहे, त्यात आता दहाच्या वर सेल बसतात. एकूण १४ लाख. लॅपटॉप तापतो पण मरत नाही. चेकमेशमध्ये नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेल किती तिरके आहेत ते) ७० अंशांच्या खाली राहिली.

इम्पेलर अजून टाकला नाही. त्याचंही तेच करणार, दोन पात्यांमधल्या कोअरचं कॅड आहेच.

---

निपाणीकर_पुण्यात

इम्पेलर टाकताना त्याचं पाणी केसिंगच्या पाण्यात मिसळू नकोस. दोघांच्या मधे ६ मिमीच्या फटीत एक गोल नळकांडं धर आणि त्याच्या आतल्या सेलना वेगळा सेलझोन दे. एमआरएफ (इम्पेलरभोवतीचं पाणी फिरत्या चौकटीत धरून हिशेब) लावायचं तर फिरवायचा भाग स्नॅपीला वेगळा ओळखता आला पाहिजे. आणि लक्षात ठेव, एमआरएफमध्ये इम्पेलर प्रत्यक्ष फिरत नाही. पातं जिभेसमोर एका ठरावीक जागी थांबलेलं असतं. त्या एका जागेवरच्या हेडवरून (पाणी किती उंच चढेल त्यावरून) मालकांना काही वचन देऊ नकोस. दोन-तीन कोनांत पातं फिरवून बघ.

---

एमटेक_तिलकवाडी

कोअरची कल्पना भारी आहे. आमच्या लॅबमध्ये मुलं बूलियन (एका आकारातून दुसरा वजा करणं) करून करून वैतागतात. फक्त काकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. नग कापला का?

---

उद्यमबाग_पॅटर्न

कापला. काल. म्हणूनच परत लिहितोय.

त्याच बॅचमधलं एक नाकारलेलं केसिंग फाउंड्रीच्या मागे भंगारात पडलं होतं. कटिंग व्हील लावून मधोमध फाडायला दुपार गेली, त्यात लाईट दोनदा गेली. आत बघितलं तर कोअरचे दोन अर्धे जिथे चिकटवतो त्या रेषेवर लोखंडाची पट्टी. फिन. व्होल्यूटच्या बाहेरच्या भिंतीवरून फिरत येते आणि बरोबर जिभेच्या टोकावर सगळ्यात जाड होते. व्हर्नियरने मोजली, २.८ मिमी. जिभेसमोर जागा किती, तर ६ मिमी. फेटलिंगवाल्याचा (ओतलेला नग घासून साफ करणाऱ्याचा) हात तिथे जात नाही, सक्शनमधून वाकून बघितलं तरी दिसत नाही.

म्हणजे मी १४ लाख सेलमध्ये जो पंप केला तो कुणी ओतलेलाच नाही.

एकट्या फिनमुळे पाणी कमी येतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आता दोन मेश करतोय, एक कोअर जसा आहे तसा आणि एक त्यात जिभेवर आणि भिंतीवर २.८ मिमीची पट्टी वजा करून. मॉडेलात ती चौकोनी कडेची ठेवली, खऱ्यात ती करवतीसारखी दातेरी आहे, पण तेवढं माझ्याच्याने होणार नाही.

दरम्यान कोअर बॉक्सचे दोन अर्धे एकमेकांवर ठेवून बघितले. डॉवेल पिनची भोकं झिजून सैल झालीत. नवीन बुश बसवायला दिलेत. मालकांना मेशबिश काही दाखवलं नाही, कापलेला नगच टेबलावर ठेवला. त्यांनी बोट फिरवलं, बोटाला टोचलं, आणि हुक्केरीचा पंप उतरवून आणायला गाडी पाठवली. लांब दांड्याच्या पेन्सिल ग्राइंडरने फिन घासून तोच पंप परत बसवलाय सकाळी.

अजून फोन आलेला नाही.

---

मच्छेचे_काका

बुश बसवून झाले की पहिला कोअर चिकटवून त्या रेषेवर नख फिरव. नख अडलं तर परत उघड.

आणि टेबलावर घेतलेला तो कोअर रॅकवर ठेवलास का? पावसाळी हवा आहे, दमट कोअर ओतला तर ब्लो होल (वाफेमुळे लोखंडात पडणारी पोकळी) येईल आणि परत कॉम्प्युटर घेऊन बसशील.